ब्लँकमध्ये न पेरलेलं पीक: हेडस्पेससाठी डीएमएसओ कुठल्या ग्रेडचं घ्यायचं?

नवशिका_जीसी

नमस्कार मंडळी, तीन दिवस झाले डोकं खाजवतोय, म्हटलं इथे विचारून बघू. रेसिड्युअल सॉल्व्हंटची (सॅम्पलमध्ये उरलेले सॉल्व्हंट मोजायची) मेथड बसवतोय, हेडस्पेस जीसी (बंद व्हायल तापवून द्रवावरची वाफ गॅस क्रोमॅटोग्राफला द्यायची), एफआयडी डिटेक्टर, ६२४ टाइपचा कॉलम. सॅम्पल पाण्यात विरघळत नाही म्हणून डायल्युएंट (विरघळवायचं द्रव) डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड), ५०० मिलिग्रॅम सॅम्पल ५ मिलीमध्ये, २० मिलीची व्हायल, ११० अंशाला ३० मिनिटं. सगळं छान चाललंय, फक्त ब्लँकमध्ये (सॅम्पल न घालता नुसतं डीएमएसओ) पीक उभं राहतंय! एक ॲसिटोनच्या जागी आणि एक बरोब्बर बेंझिनच्या जागी. बेंझिनची लिमिट २ पीपीएम, आणि ब्लँकमधलं पीक लिमिट स्टँडर्डच्या (लिमिटएवढं बेंझिन मुद्दाम घातलेल्या द्रावणाच्या) साधारण निम्म्या एरियाचं आहे. म्हणजे सॅम्पल टाकायच्या आधीच अर्धी लिमिट संपली.

डीएमएसओ एचपीएलसी (द्रव क्रोमॅटोग्राफी) ग्रेडचं आहे, बाटलीवर ९९.९ टक्के लिहिलंय. मी म्हणतोय हेडस्पेस ग्रेड मागवू, परचेसवाले म्हणतात ९९.९ च्या वर अजून काय पाहिजे, आणि आमचे साहेब म्हणतात ब्लँकचा एरिया वजा कर आणि पुढे जा. खरं सांगा, हेडस्पेस ग्रेड म्हणजे खरंच काही वेगळं असतं की नुसतं लेबल?

---

सरळसोट

हेडस्पेस ग्रेड मागवा, विषय संपला. एचपीएलसी ग्रेडने हेडस्पेस करणं म्हणजे चाळणीने पाणी भरणं.

---

जुना_क्रोमॅटोग्राफर

विषय इतक्यात नाही संपत हो. आधी ग्रेडचं सांगतो, मग तुमच्या पीककडे येतो.

बाटलीवरची ग्रेड म्हणजे त्या सॉल्व्हंटची कुठली परीक्षा घेतली एवढंच. एचपीएलसी ग्रेडची परीक्षा यूव्हीत होते, अमुक तरंगलांबीला ॲब्सॉर्बन्स किती, फिल्टर केलंय का, सुकवल्यावर खाली काय उरतं. डीएमएसओ तर यूव्हीत २६८ नॅनोमीटरच्या खाली स्वतःच आंधळं. त्यात ॲसिटोन थोडं जास्त आहे की मिथेनॉल, याच्याशी त्या परीक्षेला फारसं देणंघेणं नसतं. जीसी ग्रेड म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा नुसती जीसीवर शुद्धता काढलेली असते, एरिया टक्क्यांत. आणि सगळ्यात फसवं म्हणजे पेस्टिसाइड रेसिड्यू ग्रेड. नाव ऐकून वाटतं याच्याहून शुद्ध काय असणार, पण ती तपासताना सॉल्व्हंट आटवून कित्येक पट घट्ट करतात आणि मग इंजेक्ट करतात, आटवताना हलके व्होलाटाइल उडूनच गेलेले असतात, ते दिसणार कुठून? कीटकनाशकाला उत्तम, हेडस्पेसला काहीच सांगत नाही. हेडस्पेस ग्रेड म्हणजे तेच सॉल्व्हंट हेडस्पेसवरच तपासलेलं, आयसीएचच्या (औषधांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या) यादीतले सॉल्व्हंट शोधून, आणि बहुतेक वेळा नायट्रोजन किंवा आर्गॉनखाली भरलेलं. त्यामुळे लेबल नुसतं नाही, पण सीओए (बाटलीबरोबरचं तपासणीचं प्रमाणपत्र) उघडून बघा कुठले सॉल्व्हंट तपासलेत आणि किती पीपीएमपर्यंत.

आता ९९.९ चं गणित, परचेसवाल्यांना दाखवायला. उरलेलं ०.१ टक्का म्हणजे १००० पीपीएम. तुमची लिमिट २ पीपीएम आहे ती सॅम्पलमध्ये. १०० मिलिग्रॅम प्रति मिली सॅम्पल म्हणजे डायल्युएंटमध्ये ती होते ०.२ मायक्रोग्रॅम प्रति मिली. ब्लँक निम्मा म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मिली, डीएमएसओची घनता १.१ धरली तर वजनाने ०.०९ पीपीएम. म्हणजे त्या 'उरलेल्या' ०.१ टक्क्याच्याही अकरा हजार भागांतला एक. बाटलीवर ९९.९ लिहा नाहीतर ९९.९९ लिहा, या आकड्याला बेंझिन दिसतच नाही.

आणि साहेबांना सांगा वजाबाकी नको. ब्लँक दर वेळी तेवढाच येईल याची हमी कोण देणार? लिमिटच्या निम्म्याएवढा ब्लँक, तोही मागेपुढे हलणारा, तो वजा करून राहिलेल्यावर निर्णय घ्यायचा म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडायचा. क्यूएवाले (गुणवत्ता बघणारे) स्पेसिफिसिटीत (पीक त्याच पदार्थाचं आहे हे दाखवताना) पहिला हाच प्रश्न विचारतील.

पण मला शंका वेगळीच येतेय. ॲसिटोनचं पीक दर व्हायलला तेवढंच येतं का? आणि बेंझिनचं?

---

नवशिका_जीसी

धन्यवाद सर. परत क्रोमॅटोग्राम काढून बघितले. सहा ब्लँक लावले होते. बेंझिनच्या जागचं पीक सहाही वेळा जवळपास तेवढंच, दोन-तीन टक्क्यांचा फरक. ॲसिटोनचं मात्र कसंही नाचतंय, एकात छोटं, एकात त्याच्या चौपट, एकात जवळजवळ नाहीच. हे आधी लक्षातच नाही आलं, मी दोन्हींना एकाच माळेत ओवलं होतं.

---

शिखरवाली

मग अर्धं उत्तर मिळालं की दादा. न हलणारं पीक बाटलीतलं, नाचणारं पीक भांड्यातलं नाहीतर हवेतलं. डीएमएसओ एकाच बाटलीतून सहा वेळा घेतलं तर त्यातलं ॲसिटोन सहा वेळा वेगळं कसं येईल?

तुमच्याकडे व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्क ॲसिटोनने खंगाळून वाळवतात का? आमच्याकडे वाळवायचे. मी दोन आठवडे सॉल्व्हंटला शिव्या घातल्या आणि शेवटी कळलं की धुणाऱ्या मावशी फ्लास्क लवकर वाळावेत म्हणून शेवटचा हात ॲसिटोनचा मारायच्या, ओव्हनमधून काढताना फ्लास्क बाहेरून कोरडा पण घासलेल्या बुचाच्या कडेला वास राहायचा. मावशींचा काय दोष, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता हेडस्पेसच्या भांड्यांचा ट्रे वेगळा, पाण्याने धुवून १०५ ला तासभर आणि झाकण लावून बाजूला.

दुसरं म्हणजे रिकामी व्हायल लावून बघा. काहीही न भरता नुसती क्रिम्प करायची (झाकण दाबून बंद). लोक विसरतात की व्हायल बंद करतो तेव्हा आत १५-२० मिली खोलीतली हवा बंद होते. शेजारी कुणी एचपीएलसीचा मोबाइल फेज बनवत असेल, वेस्टची बाटली उघडी असेल, तर ती हवापण तुमचं सॅम्पलच झालं. आम्ही व्हायल उघड्या रॅकमध्ये टेबलावर ठेवायचो, नंतर बंद डब्यात ठेवायला लागलो आणि डायक्लोरोमिथेनचं एक कायमचं छोटं पीक गेलं ते गेलंच.

---

रिकामी_व्हायल

शिखरवाली ताईंना +१, माझं नावच त्यावरून ठेवलंय. क्रम असा ठेवा: रिकामी व्हायल, मग नुसतं पाणी, मग डीएमएसओ, मग त्याच लॉटची न उघडलेली बाटली. शेवटचा टप्पा कुणी करत नाही आणि बहुतेक वेळा भूत तिथेच सापडतं.

अजून एक, ३० मिनिटांऐवजी ६० मिनिटं ठेवून एक ब्लँक लावा. पीक वाढलं तर ते सॉल्व्हंटमध्ये होतं असं नाही, व्हायलमध्येच तयार होतंय. डीएमएसओ तापवलं की त्यातून थोडं डायमिथाइल सल्फाइड निघू शकतं, उकळणबिंदू ३७ अंश, त्यामुळे ते कॉलममधून अगदी सुरुवातीला बाहेर येतं, जिथे तुमचे हलके सॉल्व्हंट बसलेले असतात. डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) वापरणाऱ्यांना डायमिथाइल अमाइनचा असाच त्रास, सॅम्पल आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी असेल तर जास्तच. त्याचा नुसत्या ब्लँकमध्ये पत्ता नसतो आणि सॅम्पल टाकलं की उगवतं, मग माणूस सॅम्पलला दोष देतो.

सेप्टमची (झाकणातल्या रबरी चकतीची) टेफ्लॉनची बाजू आत आहे ना, तेही बघून घ्या. हसू नका, मी उलटे क्रिम्प केलेले पन्नास व्हायल बघितलेत.

---

पाण्यावरचा_तेल

एक सुचवू का, यूएसपी ४६७ मध्ये (अमेरिकन औषधकोशाचा रेसिड्युअल सॉल्व्हंटचा अध्याय) न विरघळणाऱ्या सॅम्पलला करतात तसं डीएमएसओतलं १ मिली घेऊन त्यात ५ मिली पाणी घाला ना. बेंझिनला डीएमएसओ आवडतं, ते त्यातून बाहेर यायला कुरकुर करतं, पाणी घातलं की धडपडत वर येतं. सेन्सिटिव्हिटी मस्त वाढेल.

---

जुना_क्रोमॅटोग्राफर

सेन्सिटिव्हिटी वाढेल, पण यांचा रोग तो नाही. बेंझिन डीएमएसओच्या बाटलीतच असेल तर पाण्याने स्टँडर्डचं पीक जितकं वाढेल तितकंच ब्लँकचंही वाढेल, गुणोत्तर तेच. वर पाण्याचा स्वतःचा ब्लँक आला तो वेगळा. व्हायलमध्ये ५ मिलीऐवजी २ मिली घेऊनही तेच, दोन्ही बरोबरच कमी होतात. गुणोत्तर सुधारतं ते एकाच गोष्टीने, मिलीमागे सॅम्पल जास्त घेऊन. यांनी १०० मिलिग्रॅम घेतलंय ते चांगलंच आहे. २० घेतलं असतं तर लिमिट ०.०४ मायक्रोग्रॅमवर आली असती आणि हाच ब्लँक लिमिटच्या अडीचपट दिसला असता.

व्हायलमध्ये किती भरायचं याबद्दल गैरसमज फार आहेत म्हणून लिहितो. वरच्या हवेतली मात्रा ठरते मूळ कॉन्सन्ट्रेशन भागिले (के अधिक बीटा) अशी, के म्हणजे पदार्थ द्रवात राहायला किती हट्टी आहे, बीटा म्हणजे हवा आणि द्रव यांचं प्रमाण. २० मिलीच्या व्हायलमध्ये १ मिली भरलं तर बीटा १९, ५ मिली भरलं तर ३. आता पाण्यात ४० अंशाला हेक्झेनचा के साधारण ०.१४ आणि इथेनॉलचा १३५० च्या आसपास. हेक्झेनला खाली १९ च्या जागी ३ आले, पीक सहापट. इथेनॉलला १३६९ च्या जागी १३५३, त्याला काडीचा फरक पडत नाही. म्हणून 'जास्त भरलं की जास्त पीक' हे निम्म्या सॉल्व्हंटना लागू आहे आणि निम्म्यांना नाही.

पाणी वापरणाऱ्यांनी एवढं करा, प्लास्टिकच्या वॉश बॉटलमधलं पाणी हेडस्पेसला कधीच नको. शेजारी ॲसिटोनची वॉश बॉटल असेल तर त्याची वाफ प्लास्टिकमधून आत जाते. ताजं शुद्ध पाणी काचेच्या भांड्यात चांगलं उकळायचं, झाकून थंड करायचं, त्याच दिवशी संपवायचं.

---

मास_बघणारा

नवशिका, ते पीक बेंझिनच आहे हे कशावरून? ६२४ वर १,२-डायक्लोरोइथेन त्याच्या अगदी शेजारी येतं, रिटेन्शन टाइम थोडा हलला की गफलत होते. जीसीएमएस (तुकड्यांचं वस्तुमान दाखवणारा जीसी) असेल तर बघून घ्या, डायक्लोरोइथेनचं ६२ आणि बेंझिनचं ७८. पण सावध, डीएमएसओचं स्वतःचं वजनपण ७८ च! नुसतं ७८ वर सिम (तेवढंच एक वस्तुमान बघायची पद्धत) लावून बसलात आणि आधीच्या रनचं डीएमएसओ कॉलममध्ये रेंगाळत असेल तर बेसलाइनच ७८ ने फुगलेली दिसते. डीएमएसओ असेल तर ६३ जोरात येतं, बेंझिनला ६३ जवळपास नसतं, त्याला ७७, ५२, ५१ येतात. एकदा यात मी अख्खा शनिवार घालवलाय.

---

घाईतला_ॲनालिस्ट

विषयाला थोडं सोडून, पण आमच्याकडे लिक्विड इंजेक्शनला डायक्लोरोमिथेन वापरतो, त्यात कायम एक पीक सॉल्व्हंटच्या आधी येतं. हेडस्पेस ग्रेड घेऊ का?

---

शिखरवाली

नको हो, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. डायक्लोरोमिथेनमध्ये स्टॅबिलायझर म्हणून बहुतेक अमिलीन घातलेलं असतं, कशात मिथेनॉल किंवा इथेनॉल. तुमचं पीक बहुधा तेच. क्लोरोफॉर्ममध्ये इथेनॉल अर्धा ते एक टक्का असतं, टीएचएफमध्ये बीएचटी. आमच्याकडे एकाने क्लोरोफॉर्ममध्ये इथेनॉलची भेसळ पकडली म्हणून सप्लायरला पत्र लिहायला घेतलं होतं. सॉल्व्हंट कितीही शुद्ध असो, मुद्दाम घातलेलं शुद्धतेच्या आकड्यात धरत नाहीत.

---

नवशिका_जीसी

मंडळी, सगळं करून आलो. सविस्तर लिहितो कारण शेवट मलाच खाली बघायला लावणारा आहे.

रिकाम्या व्हायलमध्ये ॲसिटोनचं छोटं पीक, म्हणजे हवेतलं. फ्लास्क बदलून नुसते १०५ ला तापवलेले घेतले तर ते मोठं नाचणारं पीक गायब. शिखरवाली ताई, तुमच्या मावशी आणि आमचे काका एकाच शाळेतले निघाले.

बेंझिन रिकाम्या व्हायलमध्ये नाही, पाण्यात नाही, डीएमएसओत आहे, आणि जीसीएमएसवर ७८, ७७, ५२, ५१, म्हणजे बेंझिनच. ६० मिनिटांनी वाढलं नाही. मग त्याच लॉटची सीलबंद बाटली फोडली. बेंझिन शून्य! बेसलाइन सपाट!! दोनदा लावलं, खरं वाटेना. एकच लॉट, एक बाटली स्वच्छ आणि एक घाण.

मग हिशेब केला. उघड्या बाटलीत साधारण ४०० मिली उरलंय, ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणजे अख्ख्या बाटलीत ४० मायक्रोग्रॅम बेंझिन. आमचा बेंझिनचा स्टॉक १ मिलिग्रॅम प्रति मिलीचा आहे. ४० मायक्रोग्रॅम म्हणजे त्या स्टॉकचे ४० मायक्रोलीटर. म्हणजे एक थेंब.

आणि मग आठवलं. स्टॉक बनवताना २५ मिलीच्या फ्लास्कमध्ये थोडं डीएमएसओ, त्यात बेंझिन, मग खुणेपर्यंत भरायला पाश्चर पिपेट. एक थेंब जास्त झाला की तोच पिपेट फ्लास्कमध्ये घालून वरचं थोडं ओढून घ्यायचं, खूण जुळवायची, आणि मग पुढच्या फ्लास्कसाठी तोच पिपेट परत बाटलीत बुडवायचा. कोण करतं असं? आमच्यातलाच एक. बहुतेक मीच, तारीख माझ्या वहीतली आहे.

परचेसवाल्यांशी मी आठवडाभर भांडलो त्यांचं काय करू आता.

---

रिकामी_व्हायल

हाहाहा, म्हटलं होतं ना शेवटच्या टप्प्यावर भूत असतं. परचेसला एक चहा पाजा.

---

सरळसोट

बरं बाबा, विषय संपला नव्हता. पण हेडस्पेस ग्रेड घेतलं असतं तरी त्यातही तुम्ही पिपेट बुडवलाच असता.

---

जुना_क्रोमॅटोग्राफर

वा. एका थेंबात ४०० मिली गेलं. (खूण ओलांडली की फ्लास्क ओता आणि नवीन करा, ओढून काढलेला थेंब नुसता थेंब नसतो, त्यात तुम्ही वजन केलेलं बेंझिन पण असतं.)

पण सीलबंद बाटलीचा ब्लँक पूर्ण कोरा आहे का, की फक्त बेंझिन नाही? तेवढं सांगा, कारण परचेसशी भांडण कदाचित अगदीच वाया नाही गेलं.

---

नवशिका_जीसी

पूर्ण कोरा नाही सर. सुरुवातीला एक छोटं पीक आहे, डायमिथाइल सल्फाइडसारखं मास दाखवतं, ६० मिनिटांनी वाढतं. आमच्या एका सॉल्व्हंटला जवळजवळ चिकटून येतंय. एका ओळखीच्या लॅबमधून हेडस्पेस ग्रेडचं थोडंसं आणून लावलं तर त्यात ३० मिनिटांनी ते शोधावं लागतं इतकं बारीक. म्हणजे बेंझिनसाठी एचपीएलसी ग्रेड चाललं असतं, या पीकसाठी नाही चालणार. अर्ज परत टाकतोय, या वेळी क्रोमॅटोग्राम जोडून.

डीएमएसओत नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ते घरीच स्वच्छ करता येतं असं कुणीतरी म्हणालं, ते खरं का?

---

जुना_क्रोमॅटोग्राफर

येतं. ६० अंशाला तास-दोन तास बारीक बुडबुडे सोडायचे, आधीच मिसळलेलं व्होलाटाइल निघून जातं. पण नायट्रोजनच्या लाइनवर कार्बनचा ट्रॅप हवा, नाहीतर लाइनमधलाच कचरा आत जातो. आणि तुमचं सल्फाइड तापवल्यावर नव्याने तयार होतंय, ते यानं थांबणार नाही. त्यापेक्षा ११० ऐवजी ९० अंशाला सगळे सॉल्व्हंट लिमिटला दिसतात का ते बघा, कमी तापमानाला ते पीक आपोआप बसेल.

नवीन बाटली आली की एकदाच उघडून छोट्या काचेच्या क्रिम्प व्हायलमध्ये भरून ठेवा, रोज एक फोडा. उघडी बाटली कितीही महागड्या ग्रेडची असली तरी चार दिवसांनी ती तुमच्या खोलीच्या ग्रेडची होते. आणि एसीत डीएमएसओ गोठतं, १८.५ अंशाला. अर्धवट गोठलेल्या बाटलीतून वरचं द्रव कधी घेऊ नका, गोठताना शुद्ध डीएमएसओ घट्ट होतं आणि अशुद्धी उरलेल्या द्रवात जमा होते, म्हणजे तुम्ही नेमका गाळ उचलता. पूर्ण वितळवा, हलवा, मग घ्या.

---

नवशिका_जीसी

अरे देवा, सोमवारी सकाळी आमची कायम अर्धी गोठलेली असते आणि आम्ही वरचंच घेतो. नोंद केली. जुनी बाटली टाकवत नव्हती, एचपीएलसीवाल्यांना दिली, झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिलं 'जीसीसाठी नाही'.

---

शिखरवाली

झाकणावर नको, बाटलीवर लिहा. झाकणं बदलतात.